बाबांनी न ऐकलेला काँगा

२०१० मध्ये मी सिंगापूरला निघाले, त्या दुपारी बाबांचा तबल्याचा वर्ग चालू होता. टॅक्सी आली तेव्हा विद्यार्थ्यांना ठेका धरून ठेवायला सांगून ते खाली आले, माझी बॅग डिकीत ठेवली आणि म्हणाले, "नोकरी करशीलच. हात बंद पडू देऊ नकोस." एवढंच बोलून वर गेले. आई टॅक्सी वळेपर्यंत उभी होती.

बँकेतली नोकरी, यिशुनला भाड्याची खोली, रोजचा एमआरटी मेट्रोचा प्रवास. तबला कपाटावर गेला. मग एका शनिवारी मैत्रिणीबरोबर साल्सा नाचायला म्हणून गेले आणि नाच सोडून काँगा वाजवणाऱ्याचे हात बघत बसले. काँगा म्हणजे कमरेइतका उंच ढोल, उघड्या तळव्यांनी वाजवायचा. बँडचा म्होरक्या टोनी, इथलाच. त्याने मला शिकवलं. सुरुवातीला सम आली की माझे हात थबकायचे. तो हसायचा, "डोंट स्टॉप लाह, पीपल स्टिल डान्सिंग."

पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर बँक सोडली. हॉटेलं, लग्नं, क्लब; काही वर्षं मी काँग्यावरच जगले. आईने हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, "तबल्याचा हात आहे, कुठेही चालेल."

२०१५ मध्ये दोघं तीन आठवड्यांसाठी आली. तोवर यिशुनलाच फ्लॅट घेतला होता, भाड्याने. दर शुक्रवारी क्लबमध्ये आमचा बँड असायचा; पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्याबरोबर यायला बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार बसलेले. मी म्हटलं, "बाबा, तिथे दारू असते, गोंगाट असतो. तुम्हाला नाही आवडायचं."

खरं कारण वेगळं होतं. त्यांनी बारा वर्षं घडवलेली बोटं आता थापा मारत होती. ते त्यांनी बघू नये, असं मला वाटत होतं.

"बरं," म्हणाले आणि सदरा बदलून आले. पुढच्या दोन शुक्रवारी त्यांनी विचारलंही नाही. मी त्यांना जुरोंग ईस्टचे मॉल दाखवले.

दोन वर्षांत त्यांचे कान गेले. यंत्र लावून बोलणं तुटक कळायचं, वाद्याचा मात्र नुसता खडखडाट. वर्ग बंद झाला. मी पुण्याला गेले, कुणाचा तरी काँगा मागून आणला आणि त्यांच्यासमोर वाजवला. ते हातांकडे बघत राहिले. मग आईला विचारलं, "डावा चांगला बोलतोय ना गं?" आईने मान डोलावली. तिला तालातलं काही कळत नाही.

बँड पुढे मोडला. आता बुकित पंजांगला मुलांना काँगा शिकवते. इकडे आलेल्या आपल्यातल्या प्रत्येकाला केव्हातरी विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी पुणं म्हणायचे. आता ते तीन आठवडेच आठवतात. माझी माणसं माझ्याच फ्लॅटमध्ये होती, बाबांना सगळं ऐकू येत होतं, आणि मी दार ओढून घेऊन वाजवायला एकटी जात होते.