रूबेनची घुर्र

रूबेन गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या मांडीवर पापलेटांची पिशवी होती. शनिवार होता. मेहुण्याबरोबर सकाळीच उरणला मासळी आणायला गेलो होतो आणि परत पनवेलला येताना न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांच्या रांगेत अडकलो होतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, गाडी जागची हलेना. पहिला फोन आला तो आमच्या बिल्डिंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा, नळाला पाणी नाही म्हणून. सोसायटीचा सेक्रेटरी मी. पंपरूमची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी तळमजल्यावरच्या रूबेनकडे. मी त्याला फोन लावला. "अरे, जरा मोटर चालू करतोस का? मी इकडे लटकलोय." "करतो," तो म्हणाला, "आणि त्यातलं एक मोठं पापलेट माझं, लक्षात आहे ना?" वीस मिनिटांनी दुसरा फोन आला. त्याच्या बायकोचा, फ्लोरावहिनींचा. "भावोजी, हे पंपाजवळ पडलेत. मला हात लावू देत नाहीयेत कोणी... मेन स्विच कुठाय ते विचारतायत सगळे." मेन स्विच कुठे आहे ते मी ट्रेलरांच्या हॉर्नच्या गोंगाटात ओरडून सांगितलं. तेवढंच केलं मी त्याच्यासाठी.

महिना होऊन गेला. या महिन्यात मला भेटेल तो सांगतो, "वेळ आली होती हो." डोंबलाची वेळ! पंपाच्या लोखंडी अंगात करंट उतरला होता. आमच्या बिल्डिंगला अर्थिंग नव्हतं. जो करंट तारेतून निमूटपणे जमिनीत जायला हवा, तो रूबेनमधून गेला. यात वेळ कुठे आली, नशीब कुठे आलं, देवाला आवडला वगैरे कुठे आलं? नोटीस बोर्डावर आम्ही 'अपघाती निधन' लिहिलं, चांगल्या अक्षरात. तो शब्द मी वाचतो तेव्हा माझं डोकं सणकतं, कारण दीड वर्ष हा माणूस आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगत होता. आणि त्याला ते कळलं होतं कशावरून, तर घरी बनवलेल्या कॉम्प्युटरच्या आवाजावरून.

रूबेन माझा शाळेतला मित्र. कोकणातल्या ज्यू घरातला. त्याचे खापरपणजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा म्हणून त्या दिवशी बंद ठेवायचे. त्यांच्यातली निम्मी मंडळी केव्हाच इस्रायलला गेली, थोरली बहीण डायनाताईसुद्धा गेली. हा राहिला. का नाही गेलास विचारलं तर म्हणायचा, "तिकडे जाऊन मराठीत भांडू कोणाशी?" एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. रेघ अशी मारायचा की बघत राहावं. बाकीचे सहा दिवस हातात स्क्रूड्रायव्हर, पण शनिवारी, आलेला फोन उचलणं सोडलं तर, कॉम्प्युटरचं बटणही दाबायचा नाही. सकाळी प्रार्थनेला जायचा, मग खास शनिवारची चामड्याची चप्पल घालून दिवसभर गप्पा मारत फिरायचा. हे मला साठ वर्षं माहीत होतं. तरी त्या दिवशी मी फोन केला, आणि स्वतःचं बटण न दाबणारा माणूस आमच्या मोटरचं बटण दाबायला गेला. एरवी पंपरूममध्ये जाताना रबरी स्लिपर घालायचाच, मलाही घालायला लावायचा. त्या दिवशी पायात चामडं होतं, आणि पंप गळका, खाली कायम ओल.

रिटायर झाल्यावर त्याने कॉम्प्युटर जुळवला. तयार का नाही घेत म्हटलं तर तुच्छतेने बघायचा. "झाकलेलं मशीन मला नको. उघडून बघता आलं पाहिजे." एकेक भाग आणून, जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून त्याने आठवडाभर संसार मांडला होता आणि वहिनी ताटं मांडीवर घेऊन जेवत होत्या. कारण होतं त्याच्या आईच्या कॅसेट. डायनाताई परदेशी गेल्यावर त्याची आई, म्हणजे माझ्या सारामावशी, तिला पत्रं लिहायच्या नाहीत, टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायच्या आणि कॅसेट पाठवायच्या. त्या सगळ्या डायनाताईने जपल्या आणि मागच्या खेपेला परत आणून भावाच्या हातात दिल्या. "फिती सुटायला लागल्यात रे. आईचा आवाज जायच्या आत कॉम्प्युटरवर घे." पहिली कॅसेट लावली तेव्हा मी तिथेच होतो. "डायना, इथे सगळे बरे आहेत. तुझा भाऊ परत रेडिओ उघडून बसलाय, आता तो रेडिओ काही बोलत नाही. दत्ता आलाय, थांब, त्याला चहा देते..." दत्ता म्हणजे मी. चाळीस वर्षांपूर्वीचा तो कप खाली ठेवल्याचासुद्धा आवाज आला. आणि त्या सगळ्याखाली, कॉम्प्युटरच्या लोखंडी कॅबिनेटमध्ये मांजर निजलेलं असावं तशी एक घुर्र.

कॅसेट नुसती टेपवर लावली की घुर्र नाही. कॉम्प्युटरला जोडली की आहे. झालं, रूबेनने कंबर कसली. आधी स्पीकर बदलले. मग वायर बदलली, मग जाड वायर आणली. साउंड कार्ड वेगळं आणून बसवलं. ड्रायव्हर काढून परत टाकला. मोबाइल लांब ठेवला, ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, फ्रिजसुद्धा बंद केला आणि वहिनींचं दूध नासलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी काही हलवायचं नाही, आणि दहा सेकंद रिकामं रेकॉर्डिंग करून ऐकायचं. मी चेष्टा करायचो, "अरे, तुझ्या आईचा आवाज येतोय ना नीट? थोडी घुर्र राहिली तर काय बिघडलं?" तो म्हणायचा, "कुठूनतरी येतेय ना ती? मग कुठून, ते नको कळायला?" एक दिवस त्याच्या लक्षात आलं की कॅबिनेटवर उघडा हात ठेवला की घुर्र कमी होते. मग काय, रेकॉर्डिंगच्या वेळी वहिनींना शेजारी बसवायला लागला. एका हाताने वाल सोलायचे, दुसरा हात कॅबिनेटवर. "मुंग्या येतात हो," त्या म्हणायच्या. आम्ही हसायचो. हसायचो आम्ही! त्या बाईच्या हाताला वीज चाटत होती आणि मी समोर बसून बिरड्याची वाट बघत होतो.

रूबेन मात्र त्या मुंग्यांवर हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीतलं सॉकेट उघडलं. तीन भोकं, वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर, सगळं शिस्तीत. ती वायर धरून तो खोलीभर फिरला, पॅसेजमधून मीटररूमपर्यंत गेला आणि मला हाक मारली. मीटरच्या मागे सगळ्या घरांच्या हिरव्या वायरींची गुंडाळी करून, टोकाला चिकटपट्टी लावून बिल्डरने खिळ्याला अडकवून ठेवली होती. कशालाच जोडलेली नाही. जमिनीत ना पट्टी, ना खड्डा. पंचवीस वर्षं आम्ही तीन पिनांचे प्लग खोचत होतो आणि तिसरी पिन शोभेची होती. त्या बिल्डरचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या मोठमोठ्या जाहिराती अजून हायवेवर लागतात, त्यात आणखी एकीची भर नको. "दत्ता, ही घुर्र माझ्या कॉम्प्युटरची नाही," रूबेन म्हणाला, "बिल्डिंगची आहे." मी म्हटलं, "पंचवीस वर्षांत कोणाला काही झालंय का?" हे वाक्य मी बोललो. मीच.

सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याने विषय काढला, तोही 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा, म्हणजे लोक उठून समोसे घेत असताना. पार्किंगमध्ये एका सॉकेटपाशी त्याने बल्ब धरून दाखवला. एक वायर करंटच्या भोकात, दुसरी त्या वरच्या भोकात. बल्ब पेटला नाही. "पेटत नाही तर दाखवता काय?" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. "अहो, पेटायला पाहिजे होता! पेटत नाही हेच तर सांगतोय." त्याचा आवाज चढला होता, तो सहसा चढत नसे. पण सभेला त्या वर्षी गेटवर दिव्यांच्या अक्षरांची कमान हवी होती आणि बिल्डिंगला रंग कुठला द्यायचा यावर दोन तट पडले होते. इतिवृत्त मी लिहिलं. शब्द न् शब्द सांगतो, कारण वही माझ्यासमोर आहे: 'श्री. रूबेन यांच्या कॉम्प्युटरच्या आवाजाबाबत तक्रार. पुढील सभेत विचार करण्याचे ठरले.' वही सहीसाठी फिरली तेव्हा त्याने ती ओळ वाचली. "अरे, तक्रार आवाजाची नव्हती रे," म्हणाला, आणि सही केली.

का केलीस सही? त्याच्यावरही मी चिडलोय, लपवत नाही. वही माझ्या तोंडावर का नाही फेकलीस? चार लोकांना घेऊन का नाही आलास? नंतर तो म्हणाला होता, "परवानगी दे, माझ्या खिडकीखाली मीच खणतो खड्डा. पंपही तिथेच आहे, दोन्हीचं होईल." मी म्हटलं, "सोसायटीची जागा आहे. आज तू खणशील, उद्या आणखी कोणी खणेल. मे महिन्यात बघू." "बरं," म्हणाला. आयुष्यभर काटेकोर, एक तिरकी रेघ न खपवणारा माणूस, आणि माझ्या 'बघू'ला 'बरं' म्हणून गेला. कारण मी मित्र होतो. कमान झाली, रंग झाला. मे येऊन गेला.

तो गेला त्याच्या पाचव्या दिवशी आम्ही अर्थिंग केलं. खिडकीखाली खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर झाकण. किती वेळ लागला? एक दुपार. जेवून काम सुरू केलं आणि चहाला संपलं. इलेक्ट्रिशियनने पार्किंगमधल्या त्याच सॉकेटला बल्ब लावला आणि तो लखकन पेटला. सगळी कमिटी उभी होती, कोणी हसलं नाही. अध्यक्ष हळूच म्हणाले, "चला, एक काम मार्गी लागलं." मी त्यांना काय बोललो ते छापता येणार नाही. मग घरी येऊन राजीनामा लिहिला. त्याने काय होतंय? काही होत नाही. पण यापुढे त्या वहीत माझं अक्षर नको.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. "एक कॅसेट राहिलीये, भावोजी. डायनाताई वाट बघतायत. कराल का?" मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण रूबेनने पुठ्ठ्यावर त्याच्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं, कुठली पिन कुठे, आधी काय दाबायचं, नंतर काय. पुठ्ठा बघत बघत मी कॅसेट लावली. सारामावशींचा आवाज आला, स्वच्छ. पाठीमागे त्यांच्या स्वयंपाकघरातला स्टोव्ह ऐकू येत होता, कोंबडा ऐकू येत होता. घुर्र नव्हती. माझं त्या माउलीच्या बोलण्याकडे लक्षच लागेना, मी नुसती ती घुर्र शोधत होतो. ज्या स्वच्छ आवाजासाठी तो दीड वर्ष झटला तो आता मी ऐकत होतो, त्याच्या खुर्चीत बसून. मला इतका संताप आला की मी स्पीकर बंद केला.

फाइल ठेवायला जागा शोधताना एक फोल्डर सापडलं. नाव 'घुर्र'. आत एक्केचाळीस रेकॉर्डिंग. ती दहा सेकंदांची. मला वाटलं रिकामी असतील. पहिलं लावलं आणि रूबेन बोलला. "घुर्र एक. जुने स्पीकर." वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. लग्नाकार्यांचे व्हिडिओ त्याने नेहमी दुसऱ्यांचेच काढले, त्यात हा कुठेच नाही. आईचा आवाज जपता जपता याचा स्वतःचा एवढाच राहिलाय. आम्ही ओळीने लावत गेलो. "घुर्र सात. फ्रिज बंद." "घुर्र बारा. नवीन कार्ड. तीच." "घुर्र एकोणीस. फ्लोराचा हात कॅबिनेटवर. कमी आहे." आणि मागून वहिनी, "मुंग्या येतायत, आटपा लवकर." शेवटचं मी लावायला नको होतं. लावलं. "घुर्र एक्केचाळीस. काहीही बदललेलं नाही. सेक्रेटरी म्हणतात, मे महिन्यात बघू." आवाजात राग नव्हता. तो नुसती नोंद करत होता, फ्रिज बंद म्हणावं तशी. मग दहा सेकंद घुर्र.

मी पुठ्ठा पुढे ओढला, त्यात लिहिल्याप्रमाणे बटण दाबलं आणि माइकजवळ वाकलो. "घुर्र बेचाळीस," मी म्हटलं, "अर्थिंग केलं." दहा सेकंद थांबलो... परत लावून ऐकलं. माझा आवाज आला आणि त्याच्यामागे काहीच आलं नाही. शेजारच्या स्टुलावर वहिनी बसल्या होत्या, सवयीने त्यांचा हात कॅबिनेटवर होता. त्यांनी तो उचलून पाहिला, परत ठेवला.

"मुंग्या येत नाहीत," त्या म्हणाल्या.