पट्ट्याची मोटर कोण तापवतं?

आधी चहा संपवून घ्या. मधेच हसलात तर नाकात जाईल, आणि दोष पुन्हा माझ्यावरच येईल.

झरीच्या रस्त्यावर एक जिनिंग आहे ना, तिथं मी इलेक्ट्रिशियन. अजूनही आहे, हे विशेष! ऐन हंगाम, गेटावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि कापूस वाहणाऱ्या पट्ट्याची मोटर रोज जेवणाच्या आधी बंद!

मोटरच्या आत तापमानाचा सेन्सर असतो. मोटर जास्त तापली की तो भिंतीवरच्या ड्राइव्हला कळवतो आणि ड्राइव्ह मोटर थांबवतो. मी धावत जायचो, मोटरवरचं काय-बाय बाजूला करायचो, डबी उघडून वायरी तपासायचो. सगळं ठणठणीत! सेन्सरच खोटारडा, असं ठरवून मी आतल्या राखीव सेन्सरची वायर जोडली. दुसऱ्या दिवशी तोही तसाच बोंबलला.

शेठ म्हणाले, "बालाजी, उद्या मोटर थांबली तर परवापासून तुमी घरी थांबा."

मग मनात पाल चुकचुकली. माझ्या सुट्टीच्या दिवशी मोटर का थांबत नाही? सांगा ना! मी असलो की थांबते, मी नसलो की पळते. म्हणजे कुणीतरी माझ्यावरच डूख धरून आहे! आणि मोटरजवळ दिवसभर असतो कोण? गौतम. पट्टा चालवणारा, माझा जिवाभावाचा दोस्त, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा!

"गौतम, मोटरला कोन हात लावतं रे?"

"तूच लावतूस की. दुसरं कोन?"

बघा, उत्तर कसं तयार होतं! त्या दिवशी मी त्याला जेवायला बोलावलंच नाही. तो कोपऱ्यात चटणीशी भाकरी खात बसला. वाईट वाटलं हो, पण नोकरीचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मी कापसाच्या गठाणींमागं दबा धरून बसलो. नाकात रुई, शिंक दाबून दाबून डोळ्यांत पाणी. गौतम तंबाखू मळायलाय. मला त्या मळण्यातही कट दिसत होता! पण गडी मोटरकडं फिरकलाच नाही. आणि एकदम खट्! मोटर बंद.

मी उडी मारून बाहेर आलो. मागोमाग शेठ आले. बघतो तर मोटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीला गोणपाट चिकटलेलं. हवाच बंद! मोटर तापणार नाही तर काय?

"सापडलं, शेठ! ज्यानं हे टाकलं त्याला आजच्या आज गेटाबाहेर काढा!"

"नक्की?"

"माझा सख्खा भाऊ असला तरी!"

शेठनी गोणपाट ओढलं. खाली मोटरच्या पाठीवर स्टीलचा डबा.

डबा माझाच! भाकरी ऊन राहावी म्हणून थंडी पडल्यापासून मी रोज सकाळी डबा मोटरवर ठेवून वर गोणपाट पांघरायचो. मोटर थांबली की तपासायच्या आधी दोन्ही उचलून बाजूला ठेवणाराही मीच! तावातावात स्वतःचं गोणपाटसुद्धा ओळखलं नाही.

शेठनी डबा उचलला आणि झाकणावर कोरलेलं मोठ्यानं वाचलं, "चि. बालाजी यास लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट."

सगळे माझ्याकडं बघायलेत. मी गेटाकडं बघायलोय.

तेवढ्यात गौतमनं शेठच्या हातातून अलगद डबा घेतला. "शेठ, ह्याला काढायचंच असंल तर जेवल्यावर काढा. आज भाकरी लय ऊन हाय."