आतल्या अंगाला सरका

फौजेत माझी पहाडातली पहिली पोस्टिंग गाड्या दुरुस्त करणाऱ्या डिटॅचमेंटला, म्हणजे तुकडीला झाली. मी चाकूरचा. घाट म्हणजे बालाघाटाची टेकाडं, एवढीच माझी समज. तिथं हवालदार शिवराज भेटले. देगलूरचे, युनिटमधले सगळ्यात जुने ड्रायव्हर. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते मला गावाच्याच नावानं हाक मारायचे, "ए चाकूर." बोलता बोलता मधीच तेलुगू घालायचे. मराठवाड्याचे आम्ही दोघंच. घरून आलेली शेंगदाण्याची चटणी ते मला एकट्यालाच द्यायचे. लई आठवतात ते दिवस.

अँटी-रोल बार, म्हणजे गाडीच्या दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा रॉड, मला त्यांनीच समजावला. पुस्तकात आकृती होती, पण मला ती झेपली न्हाई.

"अरे, जू हाय ते," उस्ताद म्हणाले. "एक बैल खाली वाकला की दुसऱ्याची मान बी खाली ओढतं. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला दबती. हा रॉड आतलं अंग बी दाबतो, म्हणून गाडी कमी कलती."

"मग लई जाड बसवला तर?"

"पुढं लई जाड बसवला तर पुढची चाकं पकड सोडतात. गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ बघती. अन् एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला बी हिसका."

आता चाकूरला माझं गॅरेज हाय. लातूरची पोरं येऊन जाड बार मागतात, तेव्हा मी हेच सांगतो. ऐकत न्हाईत. गाढवापुढं वाचली गीता. मग चहा पाजून वाटेला लावतो.

तर पहाडात एके दिवशी सकाळी आम्ही वरच्या पोस्टला रेशन देऊन परतत होतो. उस्ताद चालवत होते, मी शेजारी, मागं चार जवान. कड्यावरून दगड आले. एक काच फोडून उस्तादांच्या छातीवर बसला, दुसरा पुढच्या चाकाशी. गाडी थांबली. आम्ही उस्तादांना मागं स्ट्रेचरवर घेतलं. श्वासाला घरघर लागली होती. मी गाडीखाली वाकून पाहिलं. स्टीअरिंग ठीक, ब्रेक ठीक. अँटी-रोल बारची लिंक तुटलेली, म्हणजे रॉड असून नसल्यासारखा.

रेडिओवर खाली तळाला कळवलं. "कॅज्युअल्टी एक. छातीला मार. ओव्हर."

"हेलिकॉप्टर नाही, ढग आहेत. गाडी चालते का? ओव्हर."

"चालते. कलते. ओव्हर."

"घेऊन या. आउट."

स्टीअरिंगवर मी बसलो. पहिल्याच वळणावर गाडी बाहेर झुकली, उस्तादांचं अंग पट्ट्यांवर रेललं आणि ते कळवळले. मोडलेल्या बरगड्या आत टोचत होत्या. जोरात न्यावं तर त्यांना हाल, हळू न्यावं तर वेळ पुरणार न्हाई. मी भ्यालो होतो. सांगायला लाज कसली.

मागून उस्तादांचा आवाज आला. "चाकूर, पोरं हायेत न्हवं? वळण आलं की त्यांनी आतल्या अंगाला सरकायचं. मी सांगतो."

रस्ता त्यांना तोंडपाठ होता. पडल्या पडल्या सांगायचे. "डावं." चौघं डावीकडं. "उजवं." चौघं उजवीकडं. मधीच मला, "मेल्लगा, चाकूर, मेल्लगा," म्हणजे हळू. गाडी बरीच सरळ राहू लागली. रॉडचं काम माणसं करत होती. मला धीर आला, मी वेग वाढवला.

मग आवाज बारीक झाला. मग आलाच न्हाई. वाटलं, थकले असतील, झोप लागली असेल. वळणं येत गेली आणि पोरं न सांगता सरकत गेली. मागं बघायची सोय नव्हती, रस्ताच तसा होता.

एमआय रूमपाशी, म्हणजे फौजेच्या दवाखान्यापाशी, डॉक्टरांनी मागचं दार उघडलं. नाडी पाहिली. डोळे पाहिले. मान हलवली.

"कधी?" मी मागच्या चौघांतल्या लान्स नाईकला विचारलं.

"पुलाच्या आधी."

पुलानंतर निम्मा घाट उतरायचा होता.

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही गाडी चालवत होता."

"मग तुम्ही सरकत कशाला राहिलात?"

उस्तादांच्या छातीवरचा हात त्यानं अजून उचलला नव्हता. म्हणाला, "उस्तादांना लागलं असतं."