सकीनाआपांनी दुरुस्त केलेले अर्ज

सकीनाआपा मला प्रथम भेटल्या त्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीत; त्या तिथेच कामाला. मी जेद्दाहमध्ये नवी, मुलगी तापलेली आणि अरबीच्या नावाने शून्य. माझी तारांबळ पाहून आपा अस्सल रत्नागिरीच्या बोलीत म्हणाल्या, "आधी बस बघू. पानी पी." इथल्या बहुतेक मराठी मंडळींची त्यांच्याशी ओळख अशीच अडचणीतून झाली आहे. आपांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून त्यांनी हा लेख खपवून घेतला.

सौदी सरकारने पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या बर्मी, म्हणजे रोहिंग्या, कुटुंबांना मोफत इकामा द्यायचे ठरवले, तेव्हा दवाखान्याजवळच्या त्यांच्या वस्तीत जणू ईद आली. राहण्याचा हा परवाना हाती आला की मुलांना शाळा मिळणार होती, आजाऱ्यांना इस्पितळ. तो सगळ्यांना मिळाला नाही, हेही खरे. दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर आलेल्यांचे हाल संपलेले नाहीत, आणि आपा ते भल्याभल्यांना तोंडावर सुनावतात. पण उघडलेल्या दारातून या वस्तीतले एकही घर मागे राहू द्यायचे नाही, असा त्यांनी चंग बांधला. दर शुक्रवारी त्या वस्तीत अर्ज भरायला बसत. मलाही त्यांनी ओढले.

आणि मी घोळ घातला. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव येते, अरबी रिवाजात वडिलांचे. एका शुक्रवारी आपा आजारी होत्या. मी आपल्या सवयीने साऱ्या बायकांच्या नावांपुढे नवरे बसवले आणि कागद अरबी टायपिस्टकडे दिले. इकाम्याच्या कार्यालयात नूरबेगम नावाच्या एकीचा नवरा तिचा बाप ठरला. कुटुंबच खोटे, असा शेरा पडला. तिच्या मुलीचा शाळाप्रवेश त्या अर्जावर अडला होता. मी रडतच आपांकडे गेले.

आपा रागावल्या नाहीत. "चूक तुझी हाय, पन रडून ती सुधरायची नाय. चल वस्तीत." आम्ही घरोघर फिरून बायकांना त्यांच्या वडिलांची नावे विचारली. नूरबेगमच्या गावच्या दोन वृद्धांनी तिच्या वडिलांच्या नावाची साक्ष दिली. कार्यालयात आपांनी सारे कागद टेबलावर मांडले आणि सांगितले, "चूक आम्हां लिहिणाऱ्यांची आहे, या बायकांची नाही." अधिकाऱ्याने प्रत्येक कागद वाचला, शिक्का मारला आणि म्हणाला, "खलास." अरबीत म्हणजे, झाले काम.

त्या शुक्रवारचे सगळे अर्ज मंजूर झाले. एकही राहिला नाही, हे मी आजही अभिमानाने सांगते. नूरबेगमची मुलगी शाळेत गेली. नूरबेगम इकामा घेऊन दवाखान्यात आली आणि आपल्या नावावर बोट ठेवून आपांना म्हणाली, "आपा, अब्बा का नाम पहली बार छपा हुआ देखा. उन की तो क़ब्र पर भी नहीं है."

आपा खिडकी सोडून बाहेर आल्या आणि तिला मिठी मारून रडल्या. मी त्यांना रडताना पाहिले ते तेवढेच.

आपा, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हे मागणे माझ्या एकटीचे नाही. त्या वस्तीत ज्यांच्या वडिलांची नावे तुम्ही कागदावर आणलीत, त्या साऱ्या लेकी आज तुमच्यासाठी दुआ मागायला हात पसरून बसल्या आहेत.