माहिती देणारीच्या रकान्यात माझं नाव

मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि टोपण काढून पेन हातात दिलं. इथे सही कर म्हणाल्या, आजच पाठवायचंय.

मी कागद वाचला. खरं तर वाचायची गरज नव्हती, तो मला पाठ होता. अभ्यासासाठी ज्यांच्याकडून माहिती घ्यायची, त्यांच्याकडून भरून घेतात तो संमतीचा कागद. असे चाळीस कागद मीच गावातल्या बायांकडून भरून आणले होते. हा एकेचाळिसावा. माहिती देणाऱ्याचं नाव: माझं. व्यवसाय: मासेमारी. शिक्षण: आडवी रेघ.

मी एम.एस्सी. आहे. ह्याच मॅडमकडे चार वर्षांपासून पीएच.डी. करत होते. आणि संशोधकाच्या रकान्यात नाव होतं नागपूरहून दीड वर्षापूर्वी आलेल्या मुलीचं. ती बाजूच्या खुर्चीवर बसली होती. मी उभी होते.

"मॅडम, हे माझं काम आहे."

"अगं, नुसती औपचारिकता आहे. नाव कुणाचं का असेना, तुमच्या लोकांचंच ज्ञान पुढे जातंय ना?"

तुमच्या लोकांचं. चार वर्षं मी 'माझी लेक' होते. एका वाक्यात 'तुमचे लोक' झाले.

मी ढिवराची पोर. नवेगाव बांधच्या तलावाकाठचं घर; तलावालाच आम्ही बांध म्हणतो. मासेमारीची मला लाज नाही. तिच्याच जोरावर मी शिकले. पण शिकले ना? ती रेघ ज्या हाताने ओढली, त्या हाताला माझी मार्कशीट माहीत होती. तिच्या झेरॉक्सवर त्याच हाताने सही केली होती.

गोंदियाच्या त्या कॉलेजात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काय काय असतं, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. परिषदेला जायला निधी असतो. शोधनिबंध कसा लिहावा याची कार्यशाळा असते. बसायला स्वतःचं टेबलसुद्धा असतं. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतं आणि त्या ग्रुपात मी नव्हते. ऑफिसातल्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, "ग्रुप तो मॅडम लोग बनाते हैं, हमको क्या पूछती हो." मॅडमना विचारलं. राहून गेलं गं, बघते म्हणाल्या. मी मानलं.

वाईट माणूस लांबून ओळखू येतो, त्याच्यापासून सांभाळून राहता येतं. मॅडम तशा नव्हत्या. त्या आमच्या घरी आल्या होत्या. आत्याच्या हातचा मरळीचा रस्सा जेवल्या, पुन्हा भात मागून घेतला, आणि निघताना आत्याला म्हणाल्या, ही पोर आता माझी. त्या दिवशी गावातून चालताना माझी मान ताठ होती. आता ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

माझा विषय मासळीच्या विणीचा. पाणी चढायला लागलं की मासे अंडी घालायला बांधाच्या ठरावीक कोपऱ्यांत येतात. त्या जागा आमच्यात बाहेरच्याला सांगत नाहीत. कोणी फारच विचारलं तर हसत हसत भलतीच जागा दाखवतात. कारण साधं आहे. जागा कळली की कोणीतरी तिथे जाळं लावतो, अंड्यांवर आलेली मासळी उचलतो, आणि पुढच्या वर्षी सगळा गाव हात चोळत बसतो. मॅडम स्वतः गेल्या असत्या तर चाळीस बायांनी त्यांना चाळीस खोट्या जागा दाखवल्या असत्या. मला खऱ्या दाखवल्या. आत्याने स्वतः डोंगा वल्हवत एकेक कोपरा दाखवला.

"वहीत लिव, पन कोनाले दाखवू नोको. तू आमची आहेस म्हनून सांगून राहिली."

मी वहीत लिहिलं. नकाशा काढला.

मग केरळातल्या परिषदेचं निघालं. एका विद्यार्थ्याचा सगळा खर्च कॉलेजच्या निधीतून, वर पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. मॅडम म्हणाल्या, तुझंच नाव देते, वही आण, अर्ज नीट भरू. मी वही दिली. नकाशासकट दिली. कोणी माझ्या हातातून हिसकावून घेतली नाही. मला जायचं होतं, म्हणून दिली. हे मी लपवणार नाही.

तर त्या दिवशी, हातात पेन घेऊन मी विचारलं, माझा नकाशा कुठे आहे. त्या मुलीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. तिला बिचारीला वाटलं मी कौतुकाने विचारतेय. पडद्यावर पोस्टर होतं. आमचा बांध, त्यावर लाल ठिपके, खाली तिचं नाव आणि मॅडमचं नाव. परिषदेच्या वेबसाइटवर ते आधीच लागलं होतं. आता फक्त संमतीचे कागद जोडायचे राहिले होते. बायांचे होतेच. माझा तेवढा हवा होता.

पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. उलट पाय घट्ट रोवले गेले.

"मी सही करत नाही."

"मग निधी परत जाईल. कुणालाच मिळणार नाही. तुझ्यामुळे."

"जाऊ द्या."

पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेले. आत्या जाळं सांधत बसली होती. मी सगळं सांगितलं. वही मीच दिली, तेही सांगितलं. सांगता सांगता रडायला लागले. तिने मान वर केली नाही.

"आता कायले रडून राहिली? वही देतानी रडली होतीस काय?"

हातातली गाठ मारून तिनेच विचारलं, आमच्या सह्या वापस घेता येतात काय.

येतात. त्याच कागदाच्या तळाशी लिहिलेलं असतं की माहिती देणारी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते, मग तिची माहिती कोणालाच वापरता येत नाही. मी ते प्रत्येकीला वाचून दाखवलं होतं, पण उरकल्यासारखं. आता नीट समजावलं. दुसरी बाजूही सांगितली. बायांनी माघार घेतली की माझाही प्रबंध गेला. चार वर्षांचं काम त्याच माहितीवर उभं होतं.

"ते तुह्यं तू पाह्य," आत्या म्हणाली.

मी पाहिलं. माघारीचे अर्ज मीच लिहिले.

बाया काळीपिवळीत बसून गोंदियाला आल्या. विभागप्रमुखांनी त्यांना व्हरांड्यात थांबवलं आणि मला आत बोलावून विचारलं, याचा परिणाम कळतो का तुला. कळतो म्हटलं. सर म्हणाले ठेवून जा, बघू. बाया काही हलल्या नाहीत. दुपारपर्यंत तिथेच फरशीवर बसून राहिल्या, तेव्हा अर्जांवर शिक्का पडला.

जिन्यात मॅडम भेटल्या. "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास. काय नाही केलं मी तुझ्यासाठी?"

केलं होतं, खरंच. पुस्तकं दिली, तापात औषध आणून दिलं. तेच तर सलतं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मार्गदर्शक बदलून मागितला आहे. विषय दुसरा घेणार, पहिल्यापासून सुरू करणार. ग्रुपात अजून घेतलेलं नाही, तर रोज ऑफिस उघडलं की बाबूसमोर जाऊन उभी राहते, नोटीस मागते, आणि खेड्यावरून येणाऱ्या सगळ्या संशोधक विद्यार्थ्यांना पाठवते. दवनीवाड्याच्या एकीचा प्रशिक्षणाचा अर्ज त्यातूनच गेला.

नकाशा अजून वेबसाइटवर आहे. परिषदवाल्यांना तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. चौथं शिक्का पडलेल्या अर्जांच्या प्रती जोडून पाठवलं आहे. त्यानेही नाही झालं तर जनरलच्या डब्यात बसून केरळात जाईन आणि ते पोस्टर लागेल तिथे समोर उभी राहून हे कोणाचं आहे ते सांगेन.

आत्या माझ्याशी बोलते, पण डोंग्यात घेत नाही. बरोबर करते. मॅडमना मी माफ करणार नाही. आणि आत्याची माफी, ते लाल ठिपके तिथून निघेपर्यंत, मी मागणारही नाही.