तेवीस दात

"जुनी आणलीस?"

गिऱ्हाईक काहीही मागो, मामांचा पहिला प्रश्न हाच. विचारताना त्यांचा उजवा हात काउंटरवरून पुढे यायचा, वैद्य नाडी बघायला करतो तसा. झिजलेला भाग त्या हातावर पडेपर्यंत ते नव्याबद्दल एक शब्द बोलत नसत.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांवर जुन्या, जळक्या क्लच प्लेटा. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला. त्यावर गाडीचा नंबर नसायचा; चालवणाऱ्याचं नाव असायचं. "गाडी इकत्यात लोक," मामा सांगायचे. "पाय कुठं इकत्यात?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण लांबून बघतो आणि पुढे जातो. मलाही तेच करायला आवडलं असतं, पण पप्पांच्या गाडीचा क्लच जळला होता.

ती लाल विलायती स्पोर्ट्स कार, दोन माणसांची, माझ्याहून तीस वर्षांनी मोठी. पप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि क्लच दाबायला डावा पायच लागतो. जुन्या गाड्या जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ ती घ्यायला तयार होते. गाडी चालू हवी आणि आतलं सगळं मूळचं हवं, एवढीच अट. "मूळचंच आहे," पप्पा ताठ मानेनं सांगायचे. मला गाडी जायला नको होती. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची मला सवय नाही.

नवा क्लच मी शाळेत शिकवतात तसा निवडला. गाडीचं इंग्रजी पुस्तक उघडलं, मापं वहीत उतरवली, त्याप्रमाणे प्लेट परदेशातून मागवली. ती बसेना. मेकॅनिकनं हात टेकले आणि मला मामांकडे धाडलं.

"जुनी आणलीस?"

"नाही. ती खराब झालीय. ही पुस्तकाप्रमाणेच आहे."

"पेडल पुस्तक दाबणार हाय व्हय?"

मागची दोन गिऱ्हाइकं हसली. माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी जुनी प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले.

मामांनी दोन्ही प्लेटा एकावर एक ठेवल्या. घेर तंतोतंत सारखा. मग त्यांनी मधल्या भोकाकडे बोट दाखवलं. त्यात गिअरबॉक्सचा दांडा शिरतो; दांड्यावरचे दात आणि भोकातले दात जुळावे लागतात. "मोज," ते म्हणाले.

नवीला दहा दात होते, चांगले जाड. जुनीचे बारीक. मी मनातल्या मनात इंग्रजीत मोजले. "बावीस."

मामांनी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख दातांवरून फिरवलं. "तेवीस. जिथनं सुरू केलीस त्यो दात धरला न्हाईस. पयल्याला खडू लावायचा असतोय, पोरी." त्यांनी खडू दिला. मी पहिल्या दातावर खूण करून पुन्हा मोजले. तेवीस भरले.

"बाहेरनं सारखी, आतनं परकी," ते म्हणाले. "तुझा गिअरबॉक्स विलायतेचा न्हवं. इथल्याच कुठल्यातरी टॅक्सीचा हाय. पप्पांस्नी इचार जा."

संध्याकाळी विचारलं. पप्पा बराच वेळ गुडघ्यावरची गरम पाण्याची पिशवी सारखी करत राहिले. "घाटात फुटला होता," ते शेवटी म्हणाले. "लग्नाआधी. मिळाला तो बसवला. तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही."

"माहीत आहे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पप्पांनी स्वतःच पुण्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. व्यवहार मोडला. मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले, कारण मला हसू येत होतं. पण फोन ठेवून पप्पा म्हणाले, "आता क्लच तरी कशाला? राहू दे उभी." शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होतं ते मला माहीत होतं. शेजाऱ्यांच्या गाडीत मांजर व्यायली होती.

तिसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, मी पुन्हा मामांसमोर उभी राहिले आणि पप्पांच्या गुडघ्याचं सांगितलं. मामांनी तेवीस दातांचे दोन जोड काढून ठेवले; जोड म्हणजे प्लेट आणि तिच्यावर दाब देणारी स्प्रिंगची चकती.

"दोनी बसत्यात. ह्यो कडक, ह्यो मऊ. चालवणार कोण?"

मी दोन्ही जोड उलटेसुलटे करून बघितले.

"क्लच गाडीचा नसतोय, पायाचा असतोय. पप्पांचा पाय तर आजारी म्हणतीस. मग कोण?"

मागे गिऱ्हाइकं होतीच. "मी," मी म्हणाले.

"मोठ्यानं की. हितं कोण झोपलंय?"

"मी चालवणार."

काउंटरखाली फळीवर एक जुनं पेडल ठोकलेलं होतं. त्यांनी ते मला दाबायला लावलं. मी चप्पल काढायला लागले. "ऱ्हाऊ दे. गाडी काय अनवाणी चालवणार हैस?" मी जोर लावला. ते माझ्या चेहऱ्याकडे नाही, घोट्याकडे बघत होते. "सोडताना थरथरतोय. मऊ ने. शर्यतीला न्हाय, रंकाळ्यावर फिराय जायचंय तुला."

जुनी प्लेट त्यांनी ठेवून घेतली. "गाडी दाखवाय आण. आवाज ऐकतो."

क्लच पहिल्या झटक्यात बसला. मला मात्र पेठेतल्या गर्दीत गाडी घालायचा धीर यायला दोन महिने लागले. त्या दिवशी पप्पा पहिल्यांदा शेजारी बसले.

दुकान उघडं होतं, पण आत मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. खिळे तेच.

"मामा गेलं की बिद्रीला, लेकाकडं," शेजारच्या शिंप्यानं सांगितलं. "मजेत हायत. तिथं ट्रॅक्टरवाल्यांस्नी जुनी आण, जुनी आण म्हणून पिडत्यात." मग त्यानं मशीनखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "लाल गाडी घेऊन एक पोरगी येईल, तिला दे म्हणालं होतं."

आमची जुनी प्लेट होती. पहिल्या दातावरचा खडू अजून पुसला नव्हता. मामांनी माझं नाव कधी विचारलंच नव्हतं, म्हणून बिल्ल्यावर खिळ्यानं कोरलं होतं: पोरगी. मऊ जोड.

पप्पांनी बिल्ला वाचला, प्लेट मांडीवर ठेवली आणि समोर बघत राहिले. मी क्लच दाबला. शेजारी त्यांचा डावा पाय रिकाम्या जागी खाली गेला, आणि मी सोडला तसा सावकाश वर आला.