खोट्या आडनावाचा खेळाडू

बाळांनो, नॉटिंगहॅमच्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये दर महिन्याला एक वृद्ध इंग्रज गृहस्थ माझ्या शेजारी बसत. आहे ती नजर टिकावी म्हणून आम्ही दोघंही इंजेक्शन घ्यायचो. एकोणिसाव्या शतकात इथून अमेरिकेला जाऊन पैसे घेऊन बेसबॉल खेळलेल्या एका माणसाचा ते तीस वर्षं शोध घेत होते. जुन्या वर्तमानपत्रात त्याचं फक्त आडनाव छापलेलं होतं. चर्चमधल्या जन्मनोंदींच्या प्रती मांडीवर घेऊन ते भिंगाने एकेक ओळ वाचत.

परवा भिंग खिशातच होतं.

"सापडला का तुमचा हरवलेला भाऊ?" मी नेहमीसारखी थट्टा केली.

"आडनावच खोटं निघालं," ते म्हणाले. "पैशासाठी खेळणं तेव्हा कमीपणाचं होतं. घरच्यांना कळू नये म्हणून त्याने ते लावलं होतं. तीस वर्षं मी नसलेल्या माणसाला शोधत होतो."

"मग आता खरं नाव शोधा."

"एवढ्याशा नजरेत?"

नर्सने त्यांना दोनदा हाक मारली. त्यांनी कोटाची बटणं लावली आणि इंजेक्शन न घेताच ते सरळ बाहेरच्या दाराने निघून गेले. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण कशासाठी थांबा म्हणून सांगायचं, ते मला सुचलं नाही.